तोच क्रमांक, निराळे यंत्र

मृगाचे वेध लागले म्हणजे बडनेरा व त्याच्या आसपासच्या गावांत दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. एक बियाण्यांची व दुसरी ट्रॅक्टरची. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो दुरुस्ती काढतो. ज्याच्या घरी नाही तो जुना ट्रॅक्टर कोठे मिळेल याची चौकशी करतो. ह्या चौकशीत "दोनशे पंचाहत्तर आहे" एवढे तीन शब्द कानी पडले की पुष्कळांचे समाधान होते. क्रमांक म्हणजे जणू हमीपत्रच, अशी समजूत रूढ झाली आहे. वास्तविक २७५ हा क्रमांक १९५८ पासून चालत आलेला असून त्याच्या पोटात एकाहून अधिक यंत्रे होऊन गेली आहेत. त्यांपैकी कोणते यंत्र दारी येत आहे हे न पाहता पैसे मोजणे म्हणजे वाण न विचारता बियाणे घेण्यासारखेच होय. यंत्र कसकसे बदलले, त्यातील कोणता बदल वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस उपयोगी पडला आणि कोणती गोष्ट मुळीच बदलली नाही, हे शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ यंत्र

ह्या ट्रॅक्टरचे घराणे इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातले. इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश शाखेने १९५६ च्या सुमारास बी-२५० नावाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याची शक्ती सुमारे ३० अश्वशक्ती होती व पुढे जाण्याचे गिअर पाच होते. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ बी-२७५ निघाला. शक्ती वाढून ३५ अश्वशक्ती झाली. परंतु खरा महत्त्वाचा बदल गिअरपेटीत होता. पाचांऐवजी पुढचे आठ आणि मागचे दोन असे गिअर आले.

पाचाचे आठ झाले यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. नांगर, पेरणीयंत्र आणि भरलेली ट्रॉली यांना लागणारी गती सारखी नसते. पेरणी सावकाश चालावी लागते, नाहीतर दाणा सारख्या अंतरावर व सारख्या खोलीवर पडत नाही. माती बारीक करणाऱ्या रोटाव्हेटरला तर त्याहूनही मंद चाल लागते. उलट सडकेवर माल वाहताना गती हवी असते. गिअर थोडे असले की एका कामासाठी चाल फार जलद व दुसऱ्यासाठी फार मंद ठरते; मग चालक इंजिनाची गती कमीजास्त करून वेळ मारून नेतो आणि डिझेल वाया जाते. म्हणून अश्वशक्तीच्या पाच आकड्यांच्या वाढीपेक्षा गिअरांची ही वाढ शेतीच्या दृष्टीने अधिक मोलाची होती.

भारतातील आगमन

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतात ट्रॅक्टर बहुतेक परदेशांतूनच येत. कांस व हरळीसारख्या चिवट गवतांनी व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काम करीत होती व त्या यंत्रसामग्रीसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये १ कोटी डॉलरांचे कर्ज दिले होते. १९५९ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी फरीदाबाद येथे आयशर कंपनीचा ट्रॅक्टर तयार होऊन बाहेर पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र आणि केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचा त्यात पुढाकार होता. शेतकऱ्याने यंत्र डोळ्यांनी पाहावे व मग निर्णय घ्यावा, ही दृष्टी त्यामागे होती आणि ती आजही सोडण्यासारखी नाही.

१९६३ मध्ये महिंद्र आणि महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. १९६५ पासून कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ ट्रॅक्टर निघू लागले. १९७७ मध्ये ही संस्था महिंद्र कंपनीत विलीन होऊन तिचा ट्रॅक्टर विभाग झाला. पुढे नागपूरजवळ हिंगण्यासही ह्या ट्रॅक्टरांचा कारखाना उभा राहिला आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कारखाना मुंबईहून घराजवळ आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या विलायती कंपनीने हे यंत्र प्रथम घडविले तिचा शेती विभाग १९८५ मध्ये दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या हाती गेला. तरीही बी-२७५ चालविणाऱ्या भारतीय शेतकऱ्याचे काम अडले नाही, कारण तोपर्यंत त्याचे सुटे भाग ह्याच देशात तयार होत होते. परदेशांतून आयात झालेल्या अनेक ट्रॅक्टरांचे मात्र नशीब असे नव्हते. यंत्र धडधाकट, पण एका लहानशा भागावाचून ते महिनोन्‌महिने उभे, अशी स्थिती होई. जो भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही त्या भागाचे यंत्र कितीही नामांकित असले तरी पेरणीच्या आठवड्यात ते निरुपयोगीच होय.

इंजिनातील पालट

२७५ ह्या क्रमांकातील सर्वांत मोठा पालट इंजिनात झाला. बी-२७५ च्या मूळ इंजिनाला चार सिलिंडर होते व त्यांचे एकूण आकारमान १४४ घन इंच, म्हणजे सुमारे २३६० घन सेंटिमीटर होते. त्यात डिझेल सरळ सिलिंडरमध्ये पडत नसे. वरच्या बाजूस असलेल्या एका लहान कोठडीत ते फवारले जाई, तेथे पेट घेई आणि मग जळते वायू दट्ट्यावर येत. ह्या पद्धतीत उष्णतेचा काही भाग कोठडीच्या भिंतीच पिऊन टाकतात. इंजिन थंड असता ते चालू करण्यासाठी कोठडी विजेच्या ग्लो-प्लगने अगोदर तापवावी लागते. ही पद्धत सर्वस्वी वाईट होती असे मात्र नव्हे. तिच्यातील नॉझल कमी दाबावर चालत आणि डिझेलमधील बारीकसारीक दोष निभावून नेत.

पुढे ह्याच क्रमांकापुढे 'डीआय' ही दोन अक्षरे आली. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेलचा थेट फवारा, असा त्यांचा अर्थ. ह्यात दट्ट्याच्या डोक्यावरील खोलगट भागातच डिझेल फवारले जाते. उष्णता कमी वाया जाते, इंजिन चटकन चालू होते आणि तेवढ्याच कामास सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा टक्के डिझेल कमी लागते. उदाहरणादाखल, जुने इंजिन एका कामात ताशी ४ लिटर डिझेल खात असेल आणि वर्षातून ५०० तास चालत असेल, तर दहा टक्के बचत म्हणजे वर्षाला २०० लिटर डिझेल झाले. जुना ट्रॅक्टर पंचवीस-तीस हजारांनी स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्याने हा हिशेब पाच वर्षांचा करून पाहावा.

आजच्या २७५ डीआय मालिकेतील इंजिनांस तीनच सिलिंडर आहेत. त्यांपैकी २७५ डीआय टीयू ह्या प्रकाराचे आकारमान २०४८ घन सेंटिमीटर व शक्ती ३९ अश्वशक्ती आहे. म्हणजे इंजिन लहान झाले, एक सिलिंडर कमी झाला आणि तरी शक्ती चार अश्वशक्तींनी वाढली. "चार सिलिंडरचा तो दमदार, तीन सिलिंडरचा तो कमजोर" असे पारावर बोलले जाते, त्यात तथ्य नाही. दम सिलिंडरांच्या संख्येवर ठरत नाही. डिझेल कसे जळते व इंजिनाची निगा कशी राखली जाते यावर तो ठरतो.

मात्र ह्या बदलामुळे एक अडचण उत्पन्न झाली आहे. जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे दट्टे, लायनर, नॉझल नव्या तीन सिलिंडरच्या इंजिनास चालत नाहीत. क्रमांक एकच असल्यामुळे दुकानात "दोनशे पंचाहत्तरचे द्या" असे सांगून आणलेला भाग घरी आल्यावर बसत नाही, दुसरी फेरी पडते आणि तोवर जमिनीचा वाफसा निघून जातो. भाग मागताना इंजिनाच्या पाटीवरील क्रमांक व उत्पादनाचे वर्ष सांगण्याची सवय लावून घ्यावी.

चाक, क्लच आणि ब्रेक

वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते व चिकट होते. तिच्यात ट्रॅक्टरचे एक चाक जागच्या जागी फिरू लागले की दुसऱ्या चाकाचा जोर फुकट जातो. दोन्ही मागची चाके एकत्र बांधणारी डिफरन्शियल लॉकची सोय बी-२५० पासूनच ह्या घराण्यात होती. ही सोय काळ्या जमिनीत फार उपयोगी पडते. मात्र लॉक लावलेला असता ट्रॅक्टर वळवू नये. वळविल्यास मागील गिअर तुटण्याचा अथवा यंत्र उलटण्याचा धोका असतो. आणि लॉक आहे म्हणून वाफसा येण्यापूर्वीच शेतात यंत्र घालणे हा तर जमिनीचा घातच होय. ओल्या काळ्या मातीवरून दीड-दोन टनांचे यंत्र गेले की तळाशी कडक थर बसतो, मुळे खाली जात नाहीत व पाणी वर साचून राहते. मूठभर माती दाबून केलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला तरच ट्रॅक्टर शेतात न्यावा.

क्लचचाही विचार करावा. एकच क्लच असलेल्या ट्रॅक्टरात पाय दाबताच चाके थांबतात व पीटीओही थांबतो. दुहेरी क्लच असेल तर चाके थांबवूनही पीटीओ चालू ठेवता येतो. ज्याला केवळ नांगरणी, वखरणी व वाहतूक करावयाची आहे त्याचे एका क्लचवर भागते. ज्याला रोटाव्हेटर चालवायचा आहे त्याने दुहेरी क्लच पाहून घ्यावा. २७५ मालिकेत दोन्ही प्रकारची यंत्रे आढळतात. क्रमांकावरून हा भेद कळत नाही.

पूर्वीचे ब्रेक कोरड्या तबकड्यांचे होते. चिखल व धूळ आत गेली की त्यांची पकड कमी होई व दोन्ही बाजू सारख्या लागत नसत. नंतरच्या यंत्रांत तेलात बुडालेले ब्रेक व हाताचा जोर वाचविणारे पॉवर स्टिअरिंग घेण्याची सोय झाली. ह्यास कोणी चैन म्हणेल. परंतु बडनेऱ्याजवळून जाणारा मुंबई-कोलकाता महामार्ग, जुना क्रमांक ६ व आताचा क्रमांक ५३, डोळ्यांसमोर आणावा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला ह्या टप्प्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला व त्याची नोंद जागतिक विक्रमात झाली. रस्ता असा झाला की मोटारी वाऱ्यासारख्या जातात; आणि त्याच रस्त्याने कापूस किंवा सोयाबीन भरलेली ट्रॉली संथपणे बाजार समितीकडे निघते. अशा ठिकाणी ब्रेक ही चैनीची बाब राहत नाही. सडकेवर दोन्ही ब्रेकचे पाय एकमेकांस जोडणारी कडी लावलीच पाहिजे. ती न लावता एकच पाय दाबला गेला तर ट्रॅक्टर एका अंगास फिरून उलटतो. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या असाव्यात आणि चाकावरील मडगार्डवर कोणासही बसवू नये, मग ते घरचे लेकरू का असेना.

जे बदलले नाही

इतके बदल पाहिल्यावर न बदललेल्या गोष्टींकडेही लक्ष द्यावे. १९५८ चा बी-२७५ ३५ अश्वशक्तीचा होता. आजचा २७५ डीआय टीयू ३९ अश्वशक्तीचा आहे. तेव्हा गिअर पुढचे आठ व मागचे दोन होते. ह्या टीयू प्रकारात आजही तितकेच आहेत. साठांहून अधिक वर्षांत सर्वसाधारण शेतकऱ्याच्या कामाची गरज ह्याच मापात बसत आली, असाच याचा अर्थ. तेव्हा शेजाऱ्याने पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला म्हणून आपणही घ्यावा, ह्या ईर्षेला शेतीशास्त्रात आधार नाही.

यंत्र त्याच मापाचे राहिले, शेत मात्र राहिले नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. १.३४ हेक्टर म्हणजे सुमारे सव्वातीन एकर. एकरी सगळ्या कामांस दहा तास धरले तरी अशा शेतावर वर्षाला तेहतीस तासांचे काम निघते. ट्रॅक्टर परवडावा म्हणून वर्षाला सुमारे १००० तास काम असावे, असा बँकांचा जुना ठोकताळा आहे. तेहतीस आणि हजार यांच्यामधील खड्डा कर्जाने भरून निघत नाही. तो केवळ भाड्याच्या कामाने किंवा भागीदारीने भरतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किंमत उतरली ही चांगली गोष्ट झाली. पण स्वस्त झाले म्हणून गरज नसता घेतलेले यंत्रही दाराशी उभेच राहते, आणि हप्ता काही उभा राहत नाही.

ह्यावर "भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही, वाफसा कोणासाठी थांबत नाही" असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. म्हणूनच दहा-बारा शेतकऱ्यांचा गट किंवा गावची अवजारे बँक यांचा मार्ग अधिक योग्य ठरतो. कोणाच्या शेतात आधी वाफसा येतो, हलकी जमीन कोणाची व भारी कोणाची, हे गावास ठाऊक असते. त्याप्रमाणे पाळी आधीच लावून ठेवली तर एक ट्रॅक्टर अनेकांची पेरणी साधतो. उभ्या पऱ्हाटीतील डवरणीसाठी बैलजोडी अजूनही उपयोगाची आहे. ट्रॅक्टर आला म्हणून ती घाईने बाजार दाखविण्याचे कारण नाही.

जुने यंत्र पारखताना

जुना ट्रॅक्टर घेणे कमीपणाचे नाही. नीट पारखून घेतलेला जुना २७५ लहान शेतकऱ्यास वा गटास उत्तम काम देतो. मात्र पुढील गोष्टी तपासल्यावाचून इसार देऊ नये.

१. इंजिन व चेसिसवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात काय, उत्पादनाचे वर्ष कोणते आणि बँकेचा बोजा उतरला आहे काय, हे पाहावे.

२. इंजिन डीआय आहे की जुन्या पद्धतीचे, सिलिंडर तीन की चार, व त्याचे भाग जवळपास मिळतात काय, हे जाणत्या मिस्त्रीकडून समजून घ्यावे.

३. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करण्यास सांगावे. अगोदरच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. तेल घालण्याच्या तोंडातून धुराचा लोट येत असेल तर दट्टे व लायनर झिजले आहेत असे समजावे.

४. नांगर जोडून लिफ्ट उचलावी व इंजिन बंद करावे. नांगर लवकर खाली उतरू लागला तर लिफ्टमध्ये गळती आहे.

५. मोकळ्या जागी कडी काढून दोन्ही ब्रेक एकेक दाबून पाहावेत. पीटीओवरील झाकण जागेवर आहे याची खात्री करावी. धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणे त्या फिरत्या दांड्यात अडकून माणसे प्राणास मुकली आहेत.

नवे यंत्र घेणाऱ्यानेही माहितीपत्रकातील अश्वशक्तीवर विसंबू नये. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओवर मिळणारी शक्ती, ओढण्याची ताकद, लिफ्टची क्षमता व डिझेलचा खर्च दिलेला असतो. विक्रेत्याजवळ हा अहवाल मागावा.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील ट्रॅक्टरांची एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक यंत्राचे वर्ष, इंजिनाचा प्रकार, क्लचचा प्रकार, सोबतची अवजारे व भाड्याने देण्याची तयारी यांची नोंद असावी. उन्हाळ्यात एक दिवस मिस्त्रीस बोलावून सर्व ट्रॅक्टरांचे ब्रेक, लिफ्ट व कड्या तपासून घ्याव्यात. कोणी खरेदीचा सल्ला विचारल्यास आधी त्याचे एकर आणि कामाचे तास विचारावेत, यंत्राचे नाव त्यानंतर. विक्रेत्याची भाषा बोलण्यास गावात पुष्कळ माणसे आहेत. शेताचा हिशेब सांगणारा मनुष्य विरळा असतो, आणि तेच काम कार्यकर्त्याकडून अपेक्षित आहे.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" असे यंत्राच्या बाबतीतही घडू शकते. कारखान्याने साठ वर्षे एक क्रमांक कायम ठेवला, ह्यात त्याने मिळविलेला विश्वास दिसतो. परंतु विश्वास क्रमांकावर ठेवून भागत नाही; पाटीवरचे वर्ष, पोटातले इंजिन व पायाखालचा ब्रेक पाहून तो ठेवावा. ह्या खरीपापूर्वी जो कोणी ट्रॅक्टर घेईल त्याने आधी आपल्या शेताचे तास मोजावेत आणि मगच बाजाराची वाट धरावी.